कोंड्याचा मांडा, बुरशीच्या हातचा



पावसाळा सरत आला की बुरशीच्या तक्रारींची पत्रे सुरू होतात. कुणाच्या भुईमुगाच्या शेंगा काळ्या पडलेल्या असतात, कुणाच्या पेंडीच्या पोत्याला वास सुटलेला असतो, तर कुठे वहिनींच्या लोणच्यावर पांढरी साय चढलेली असते. बुरशी म्हणजे नासाडी, हे आपल्या मनात अगदी पक्के बसले आहे. पण या खेपेस एका वाचकाने अगदी उलटा प्रश्न विचारला आहे. त्यांच्या पत्राचा आशय असा:

“आमच्या तालुक्याच्या गावी डाळमिल आणि मोठी पीठगिरणी आहे. कोंडा, चुणी, टरफले स्वस्तात मिळतात. मध्यंतरी एक गृहस्थ गावात येऊन गेले. कोंड्यावर बुरशी वाढवा, तिच्यापासून एन्झाइम नावाची वस्तू तयार होते, तिला सोन्याचा भाव आहे, बुरशीचे बियाणे आम्ही देतो आणि तयार मालही आम्हीच घेतो, असे ते म्हणाले. सुरुवातीला पन्नास हजार भरावे लागतील. घरात मंडळींच्या पाटल्या आहेत. त्या मोडाव्यात की काय, असा विचार चालू आहे. सल्ला द्यावा.”

पत्र वाचून पहिली गोष्ट सांगतो. पाटल्या तूर्त पेटीतच राहू द्या. मात्र त्या गृहस्थांनी सांगितलेले सगळेच खोटे आहे, असे नाही. कोंड्यावर बुरशी वाढवून एन्झाइम काढतात ही गोष्ट खरी आहे, सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि समजून घेण्यासारखी आहे. म्हणून आधी शास्त्र सांगतो, मग व्यवहार सांगतो.

एन्झाइम म्हणजे काय?

एन्झाइमला आपल्या पुस्तकांत ‘विकर’ म्हणतात. शब्द नवा वाटला तरी वस्तू घरचीच आहे. ज्वारीची भाकरी घास न गिळता बराच वेळ चावत राहिलो तर गोड लागू लागते. भाकरीत साखर नव्हती, मग गोडी आली कोठून? तोंडातल्या लाळेत एक विकर असते, ते भाकरीतल्या पिठूळ भागाची, म्हणजे स्टार्चची, साखर करू लागते. नाचणीला मोड आणून सत्व करतात तेव्हाही हेच घडते. मोड येताना दाण्यात विकर तयार होते आणि स्टार्च तोडू लागते, म्हणून मोड आलेल्या नाचणीची खीर गोडसर आणि पातळ होते. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईची फोड टाकतात. पपईच्या चिकातले विकर मांसातले तंतू तोडते.

ही विकरे म्हणजे एक प्रकारची प्रथिनेच. त्यांचे दोन गुण ध्यानात ठेवा. पहिला गुण असा, की प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. स्टार्च तोडणारे तेलाला हात लावत नाही, तेल तोडणारे प्रथिनाकडे पाहत नाही. ज्याची किल्ली त्यालाच लागते, तसे. दुसरा गुण असा, की काम करताना विकर स्वतः खर्च होत नाही. एक काम उरकले की ते पुढच्या कामाला लागते, म्हणून थोडेसे विकर पुष्कळ मालाला पुरते. मात्र ते नाजूक असते. अन्न शिजते तेवढ्या आचेत बहुतेक विकरे निकामी होतात.

बुरशीचीच निवड का?

बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही. आपण अन्न आधी गिळतो, मग पोटात पचवतो. बुरशीचे उलटे आहे. ती ज्याच्यावर वाढते त्याच्यावर आपले पाचक रस सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि विरघळलेला भाग अंगात शोषून घेते. भिजलेले लाकूड पोकळ होते, ओला कडबा हाताने कुस्करला जातो, तो याच रसांमुळे.

म्हणजे बुरशीची विकरे तिच्या पोटात दडलेली नसतात, बाहेर कोंड्यात सांडलेली असतात. कोंडा पाण्यात भिजवून ते पाणी गाळून घेतले की त्याबरोबर विकरेही आली. साऱ्या धंद्याचे मर्म एवढेच आहे.

आणि बुरशीला जे खायला द्यावे तसे रस ती जास्त सोडते. स्टार्च असलेला कोंडा दिला तर स्टार्च तोडणारे रस, फळांच्या साली दिल्या तर सालीतला चिकट पेक्टिन तोडणारे रस, काड-पेंढा दिला तर त्यातला काष्ठमय भाग तोडणारे रस. कोणती बुरशी कशावर सोडावी, हे ठरवण्यातच कसब आहे.

जपानी माणूस, अमेरिकेचा कोंडा

हा धंदा प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा केला तो जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने. त्यांचा जन्म १८५४ सालचा. वडील वैद्य, तर आईचे माहेर साके करणाऱ्यांचे. साके म्हणजे तांदळाची जपानी दारू. जपानात शेकडो वर्षांपासून वाफवलेल्या तांदळावर एक पिवळसर हिरवी बुरशी वाढवतात. त्या बुरशी आलेल्या तांदळाला ते ‘कोजी’ म्हणतात. साके, सोयाबीनची चटणी, सोयाचा रस, सगळे या कोजीवर चालते. बुरशीचे शास्त्रीय नाव ॲस्परजिलस ओरायझी. ओरायझा म्हणजे भात, त्यावरून हे नाव आले.

ताकामिने अमेरिकेत गेले. तिकडे व्हिस्की करायला सातूला मोड आणून माल्ट करीत, त्यातले विकर स्टार्चची साखर करी. ताकामिने म्हणाले, हेच काम माझी बुरशी करील. आणि बुरशीला खाऊ घालायला त्यांनी तांदूळ घेतला नाही. अमेरिकेतल्या पीठगिरण्यांत गव्हाचा कोंडा ढिगांनी पडत होता, तो घेतला. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी त्यांचे प्रयोग चालले होते. १८९१ साली तिथल्या कारखान्याला आग लागून बरेच नुकसान झाले आणि व्हिस्कीचा बेत पुढे बारगळला. पण कोंड्यावरच्या बुरशीतून काढलेल्या विकराचे पेटंट त्यांना १८९४ साली मिळाले. ‘ताकाडायस्टेज’ या नावाने ते अपचनावरचे औषध म्हणून दुकानांत आले आणि खूप खपले. आजही पाचक औषधांच्या बाटल्यांवर ‘फंगल डायस्टेज’ असे शब्द वाचायला मिळतात. फंगल म्हणजे बुरशीपासूनचे. बाटली हाती आली तर वाचून पाहा.

आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीचे कौतुक होते. ताकामिने यांनी अगदी तेच केले, फक्त मांडा भाजायला बुरशी बसवली.

दुसरी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजेचे सुती तंबू आणि कपडे पावसाळी हवेत भराभर कुजू लागले. कोण खाते म्हणून शोध घेतला तर कुजलेल्या तंबूच्या कापडावर एक बुरशी सापडली. नुकसान करणारी म्हणून तिला फेकून दिले नाही, जपून ठेवले. एल्विन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. कापूस, काड, पेंढा यांतला सेल्युलोज तोडून त्याची साखर करण्यात ही बुरशी पटाईत निघाली. पुढे १९७७ साली रीस यांच्या नावावरून तिचे नाव ट्रायकोडर्मा रीसी ठेवले गेले. बियाण्याला चोळण्यासाठी आपण जी ट्रायकोडर्मा आणतो, तिचीच ही चुलत बहीण.

या बहिणीचे महत्त्व आज फार वाढले आहे. हरियाणात पानिपत येथे १० ऑगस्ट २०२२ रोजी भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा घेऊन सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल काढावे, असा त्याचा आराखडा आहे. पेंढा आधी नरम करतात, मग विकरे घालून त्याची साखर करतात आणि त्या साखरेची यीस्टकडून दारू, म्हणजे इथेनॉल, करतात. यात विकरांचा खर्च मोठा असतो. विकर जितके स्वस्त, तितका पेंढ्याला भाव द्यायला वाव. तेव्हा बुरशीचे हे शास्त्र आपल्या खळ्यापासून फार लांब नाही.

कारखान्यात कसे करतात?

कोंड्यावरच्या पद्धतीला घन माध्यमावरील आंबवण म्हणतात. नाव मोठे असले तरी क्रम साधा आहे.

प्रथम स्वच्छ, जाडसर गव्हाचा कोंडा घेतात. फार बारीक कोंडा भिजला की चिकटतो आणि आत हवा खेळत नाही. हवेवाचून बुरशी गुदमरते. कोंड्यात पाणी इतकेच घालतात, की मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. मग तो दाबाखालच्या वाफेत सुमारे १२१ अंश सेल्सिअसला ठेवतात, म्हणजे मूळचे सारे जंतू मरतात. थंड झाल्यावर प्रयोगशाळेत राखलेल्या शुद्ध बुरशीचे बीजाणू त्यात मिसळतात आणि कोंडा ट्रेमध्ये पातळ थराने पसरतात. खोलीची हवा दमट आणि साधारण ३० अंशांच्या आसपास राखतात.

एक-दोन दिवसांत बुरशी जोर धरते आणि कोंडा आपोआप तापू लागतो. उकिरडा आतून तापतो ना, तसाच. ही उष्णता वेळीच काढली नाही तर बुरशी मंदावते आणि तयार झालेले विकरही खराब होते. म्हणून थर पातळ ठेवतात, हवा खेळवतात. तीन ते पाच दिवसांनी कोंडा पाण्यात कालवून रस काढतात, गाळतात, घट्ट करतात आणि कमी उष्णतेवर वाळवून भुकटी करतात. शेवटी तपासणी होते. विकराचा भाव वजनावर ठरत नाही, ताकदीवर ठरतो. एका ग्रॅममध्ये किती ‘युनिट’ ताकद आहे, हे प्रयोगशाळेत मोजतात. त्या आकड्यावाचून भुकटीला कोणी विचारत नाही.

आज जगातली बरीचशी विकरे पोलादी टाक्यांत, पातळ द्रावणात बुरशी आणि जिवाणू वाढवून काढली जातात. पण कोंड्याची पद्धतही टिकून आहे. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आणि तिरुअनंतपुरमच्या राष्ट्रीय संस्थेने गव्हाचा कोंडा, नारळाची पेंड, साबुकंदाचा चोथा अशा मालावर पुष्कळ काम केले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगाला लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. जातिवंत वळूची जशी नोंद असते, तशी तिथे प्रत्येक बुरशीची क्रमांकासह नोंद असते.

हा माल जातो कोठे?

तो पुन्हा आपल्याच घरात येतो. फळांचा रस नितळ व्हावा आणि गरातून जास्त रस सुटावा म्हणून पेक्टिन तोडणारे विकर घालतात. ते ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीकडून मिळते. चीज करताना दूध फाडायला पूर्वी वासराच्या पोटातला रस लागे. आता बुरशीपासूनचे विकर तेच काम करते, म्हणून शाकाहारी माणसालाही ते चीज चालते. जीनच्या पँटचा विटका रंग आणि मऊपणा पुष्कळदा काड तोडणाऱ्या विकराच्या धुण्याने आणलेला असतो.

कोंबड्या पाळणाऱ्यांनी एक नाव जरूर लक्षात ठेवावे. ते म्हणजे ‘फायटेज’. धान्यात आणि पेंडीत स्फुरद असतो, पण त्यातला सुमारे दोनतृतीयांश भाग फायटिक आम्लात कुलूपबंद असतो. गाई-म्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव ते कुलूप उघडतात. कोंबडीला ते नीट उघडता येत नाही. स्फुरद विष्ठेतून वाया जातो आणि मालकाला वरून पुन्हा स्फुरद विकत घालावा लागतो. १९९० नंतर बुरशीपासून काढलेले फायटेज खाद्यात मिसळू लागले आणि हा खर्च कमी झाला. खाद्याच्या पोत्यावरच्या चिठ्ठीत हे नाव आहे का ते पाहा. आणि हे खाद्य घरी पुन्हा शिजवू नका. आचेने विकर मरते आणि त्याचे पैसे वाया जातात.

आता दुसरी बाजू

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की मग पडवीत दोन ट्रे मांडायला हरकत काय? हरकत आहे, आणि ती जिवावरची आहे.

कोजीची बुरशी ॲस्परजिलस ओरायझी. तिची सख्खी बहीण म्हणावी अशी ॲस्परजिलस फ्लेव्हस. दोघी पिवळसर हिरव्या. नुसत्या डोळ्यांनी कोणती कोणती, हे मीही सांगू शकत नाही. एक पोट भरते, दुसरी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष करते. हे विष यकृतावर घाला घालते आणि दीर्घकाळ पोटात जात राहिले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. फ्लेव्हसला बोलवावे लागत नाही. ती आपल्या मातीत, हवेत, भुईमुगाच्या शेंगेवर, मक्याच्या कणसावर असतेच. ओला कोंडा उघडा ठेवला की तिला पंगत मांडल्यासारखे होते.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीची एक लाखावर पिले धडाधड मेली. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग गेला, आणि त्यातून या विषाची जगाला ओळख झाली. आपल्या देशात १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांतल्या आदिवासी गावांत अवकाळी पावसाने मका भिजला. घरात दुसरे धान्य नव्हते, म्हणून बुरशी आलेलाच मका लोकांनी खाल्ला. ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांतली १०६ दगावली. त्याच घरांतली कुत्रीसुद्धा मेली. हे आकडे मी मुद्दाम देतो, कारण “जरा बुरशी आली तर काय होते, भाजून घेऊ” असे म्हणणारे आजही भेटतात. भाजल्याने किंवा उकडल्याने बुरशी मरते, पण तिने केलेले विष तसेच उरते.

दुभत्या जनावराला अशी पेंड घातली तर विषाचा काही अंश बदललेल्या रूपात दुधात उतरतो. म्हणजे गोठ्यातली बुरशी लेकराच्या वाटीत येते. म्हणूनच दुधात या विषाचे प्रमाण किलोला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशी कायद्याची मर्यादा आहे. दूध तापवल्यानेही ते जात नाही.

शिवाय बुरशीची धूळ छातीला वाईट. दमेकऱ्याने बुरशीची पोती झटकू नयेत. २०२१ साली महाराष्ट्रात काळ्या बुरशीच्या आजाराने काय केले, ते आपण पाहिलेच. तो आजार वेगळ्या बुरशीचा आणि प्रामुख्याने मधुमेह असणाऱ्या, करोनातून उठलेल्या माणसांना झाला. तेव्हा मधुमेही माणसाने बुरशीच्या मालापासून दूर राहिलेले बरे.

कारखान्यात शुद्ध बीज, दाबाची वाफ, बंद खोली आणि विषाची तपासणी असते. पडवीत यातले काहीच नसते. एवढाच फरक आहे, पण तो औषध आणि विष यांच्यातला फरक आहे.

पत्रलेखकाला उत्तर

त्या गृहस्थांना पुन्हा भेटाल तेव्हा पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या.

१. बुरशीचे पूर्ण शास्त्रीय नाव काय? ती कोणत्या संस्थेच्या संग्रहातून आणली आणि तिथला तिचा क्रमांक काय?

२. तयार मालाची ताकद कोण मोजणार? किती युनिटला किती रुपये?

३. मालात विष नाही याचा दाखला कोणत्या प्रयोगशाळेचा असेल आणि खर्च कोणाचा?

४. माल नापास झाला तर तोटा कोणाचा?

५. तुमचा चालू कारखाना कोठे आहे? तो पाहायला कधी येऊ?

खरा धंदेवाला यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो आणि तुमच्याविषयी त्याचे मत चांगले होते. ज्याला घाई आहे, जो फक्त पावतीबुकच पुढे करतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा. बी आमचे आणि मालही आम्हीच घेऊ, या बोलीवर ससे, कोंबड्या, औषधी वनस्पती अशा किती तरी गोष्टी गावोगाव विकल्या गेल्या. बी विकले गेले, माल घ्यायला मात्र कोणी फिरकले नाही.

तरीही हा उद्योग गावात कधी येऊच नये, असे मी म्हणत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी असेल, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला मुलगा किंवा मुलगी पगारावर ठेवता येत असेल, संशोधन संस्थेकडून रीतसर तंत्रज्ञान घेतले असेल आणि गिऱ्हाईक आधी ठरले असेल, तर जरूर विचार करावा. एकट्या घराने, दागिने मोडून, या वाटेला जाऊ नये.

मग बुरशीला घरी काम कोणते द्यावे?

विकरे वेगळी न काढता, बुरशीकडून शेतातच ती वापरून घ्यावीत. याला वाफ लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही.

उसाचे पाचट जाळू नका. सरीत पसरून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे संवर्धन टाका, ओल राखा. त्या संवर्धनातले सूक्ष्मजीव आपल्या विकरांनी पाचटाचे खत करतात. रीस यांच्या बुरशीने तंबूचे केले तेच, पण आपल्या फायद्यासाठी.

१ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा. सावलीत, ओलसर ठेवून आठवडाभर झाका, मधून एकदा वरखाली करा, मग शेतात टाका. ही बुरशी आपल्या विकरांनी मर रोगाच्या बुरशीची भिंत पोखरते. मात्र रासायनिक बुरशीनाशकात तिला कालवू नका. ते बुरशी मारण्यासाठीच असते, त्याला आपली आणि परकी कळत नाही.

सोयाबीनचे कुटार, गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा असेल तर घरातल्या भगिनींनी धिंगरी आळंबीचे प्रशिक्षण जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात घ्यावे. आळंबी हीसुद्धा बुरशीच. काड पचवायचे विकरे तिची तिने करावीत आणि आपण भाजी खावी. आधी पाच-दहा पिशव्या करून पाहा, गिऱ्हाईक जमले की वाढवा. उरलेल्या काडाचे खत होते.

या महिन्याचे काम

भुईमुगाच्या शेंगा काढल्यावर ओल्या ढिगात ठेवू नका. दाण्यात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत येईल असे कडक वाळवा. शेंग हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. फुटक्या, किडक्या, सुरकुतलेल्या शेंगा वेगळ्या काढा, विष बहुधा त्यांच्यातच असते. काढलेल्या शेंगा घाण्यावर देऊ नका आणि पेंडीतही घालू नका. पेंड आणि कोंड्याची पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचा. नवे पोते मागे, जुने पुढे ठेवा. भाताचा कोंडा फार दिवस साठवू नका. गिरणीतून निघाल्यावर त्याच्या स्वतःच्याच विकराने तेल फुटू लागते आणि तो खवट होतो.

कोरडा, स्वच्छ, वासाचा नसलेला कोंडा हा खाद्याच्या कारखान्याला हवा असतो आणि विकराच्या कारखान्यालाही. आपल्या हातात आज एवढेच आहे, पण ते थोडे नाही. आणि एखाद्या पोत्याला बुरशी लागलीच, तर “गाईला घालू, ती काय सांगणार आहे” असे म्हणू नका. ते पोते खताच्या खड्ड्यात टाका आणि वर माती लोटा. पोत्याचे पैसे जातील. गाय आणि घरातली लेकरे राहतील.